सीमेवरील विद्यार्थी आणि रहिवासाचा दाखला



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतीला आजचे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांचे नाव या सभागृहात प्रत्येकाच्या तोंडी असल्यामुळे मी त्याचा पुनरुच्चार करीत नाही. परंतु त्यांच्या ज्या कामाचा गौरव सहसा कोणी करीत नाही, त्याचा उल्लेख करून आजच्या विषयाकडे वळतो. त्यांनी आयुष्यभर दाखले लिहिले. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा उतारा, वर्तणुकीचे प्रमाणपत्र, बोनाफाईड, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न चिघळल्यानंतर विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, असे कागद त्यांच्या सहीशिक्क्याने कर्नाटकातील या सीमाभागातून बाहेर पडले आणि लातूर, सोलापूर, धारवाड, हैदराबाद अशा नाना ठिकाणच्या महाविद्यालयांच्या दफ्तरांत दाखल झाले. या सर्व कागदांचा उगम एकच, शाळेचे जनरल रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, व शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. या रकान्यांपैकी मातृभाषेच्या आणि जन्मस्थळाच्या रकान्यांना सरकारदरबारी जे महत्त्व आले आहे, ते वास्तविक प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या तारखांना यावयास हवे होते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. परंतु ते सांगण्यासाठी थोडे मागे आणि थोडे दूर जाणे भाग आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे जे त्रिभाजन झाले, त्यात बीदर जिल्ह्याचे जेवढे तुकडे झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याचे झाले असतील. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्रात गेला, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण यांसह उरलेला जिल्हा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्याला मिळाला. ३१ ऑक्टोबरपर्यंत उदगीर आणि भालकी ही एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे होती, एकाच रूळमार्गावरील स्थानके होती आणि एकाच विद्यापीठाच्या, म्हणजे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या, छत्राखाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भालकीचा विद्यार्थी उदगीरला परप्रांतीय ठरला आणि उदगीरचा भालकीला. आगगाडी मात्र त्याच वेळेला आली. गुलबर्ग्याची, म्हणजे आजच्या कलबुर्गीची, महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली आणि १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ स्वतंत्र होईपर्यंत तिकडेच राहिली. पलीकडे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रवेशाचे नियम आणि शुल्काचे तक्ते या सर्वांची फाळणी झाली; सोयरिकी, आठवडी बाजार आणि मजुरीच्या वाटा यांची झाली नाही.

आता कोणी असे समजू नये की रहिवासी आणि उपरा हा भेद आपल्या मुलखात भाषावार प्रांतरचनेने आणला. निजामी राजवटीत तो पुष्कळ आधीपासून होता आणि १९१९ च्या फर्मानाने त्याला पक्के रूप आले. मुलकी आणि गैरमुलकी असे दोन वर्ग त्या नियमांनी ठरवून दिले. जो जन्मतः संस्थानचा प्रजाजन तो मुलकी, हे तर उघडच होते. परंतु बाहेरून आलेल्यालाही मुलकी होण्याची वाट त्या नियमांत ठेवलेली होती, आणि ती वाट पाहण्यासारखी आहे. पंधरा वर्षे संस्थानात कायम वास्तव्य करावे, मूळ ठिकाणी परत जाण्याचा हेतू सोडून दिला आहे असे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यावर करावे, आणि ते दंडाधिकाऱ्यापुढे साक्षांकित करून घ्यावे. म्हणजे नुसती वर्षे मोजून दरबाराचे समाधान होत नसे. मनातील हेतूचाही कागद लागे. हे नियम नोकरीसाठी होते, शिक्षणासाठी नव्हते, हे खरे. परंतु एकदा असा कागद निर्माण झाला की त्याचा बाजारही निर्माण होतो. १९५२ साली वरंगळ आणि हैदराबाद येथे विद्यार्थ्यांचे जे मुलकी आंदोलन पेटले, त्याच्या मुळाशी खोट्या मुलकी दाखल्यांवर बाहेरचे लोक नोकऱ्यांत शिरले ही तक्रार होती. ज्याचा हेतू खरा होता त्याला कचेरीत खेटे घालावे लागले आणि ज्याला दाखला विकत घेता आला तो मुलकी झाला, अशी ती विटंबना होती.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न शुल्काच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते आणि बाहेरच्यांना ते भरावे लागे. दिल्लीच्या जोशी नामक विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की संविधानाने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, रहिवासावरून नव्हे. जे राज्य महाविद्यालयाचा खर्च करते त्याने आपल्या रहिवाशांना सवलत द्यावी यात अन्याय नाही. या निर्णयाला एक व्यावहारिक शहाणपण आहे आणि मी त्याची थट्टा करणार नाही. करदात्याच्या मुलाला करदात्याच्या पैशाचा लाभ आधी मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. परंतु ज्या दाराने वाजवी अपेक्षा आत येते त्याच दाराने अवाजवी लोभही आत येतो. १९८९ च्या अधिसूचनेने कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचे जे दर ठरले, ते या दृष्टीने बोलके आहेत: शासकीय कोट्यातील विद्यार्थ्याला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्याला २५,००० रुपयांपर्यंत, आणि कर्नाटकाबाहेरच्या विद्यार्थ्याला ६०,००० रुपयांपर्यंत. मेरठच्या एका मुलीने तुमकूरच्या महाविद्यालयाकडून हा साठ हजारांचा आकडा ऐकला आणि तिच्या अर्जावर १९९२ साली न्यायालयाने हे जादा शुल्क म्हणजे नाव बदललेले कॅपिटेशन शुल्कच आहे असे ठरविले. पुढे १९९३ आणि २००२ च्या निर्णयांनी त्या निकालाला पुष्कळ मुरड घातली. पण एकच बाक, एकच प्रयोगशाळा, एकच अध्यापक, आणि पावतीवर एकास तीस असे प्रमाण, हे चित्र त्या अधिसूचनेने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

इथे मी आपणांस क्षणभर अमेरिकेत घेऊन जातो. तेथील बहुतेक राज्यांच्या विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना एक शुल्क आणि बाहेरच्यांना त्याहून पुष्कळ अधिक शुल्क अशी रीत आहे. प्रश्न उभा राहिला तो अशा मुलांचा, ज्यांना आईबापांनी लहानपणी सरहद्द ओलांडून परवान्यावाचून आणले, जी तेथील शाळांतच वाढली, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली तेव्हा आपल्याजवळ वास्तव्याचा कागद नाही हे ज्यांना प्रथम कळले. टेक्सासमधील टायलर गावच्या शाळाखात्याने अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागावयास सुरुवात केली होती. १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते बेकायदेशीर ठरविले, कारण आईबापांच्या कृत्याचा दंड मुलांच्या माथी मारणे न्यायाला धरून नाही. शाळेचे दार असे उघडले. महाविद्यालयाचे दार मात्र त्या निकालाच्या कक्षेत नव्हते; आणि १९९६ च्या संघीय कायद्याने अशी अट घातली की देशाच्या कोणत्याही राज्यातील नागरिकाला जो लाभ मिळत नाही, तो केवळ रहिवासाच्या आधारावर या मुलांना देता येणार नाही.

यावर २००१ साली टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी जी तोड काढली, तिच्यात आपल्याला शिकण्याजोगे पुष्कळ आहे. टेक्सासने राज्यातील तीन वर्षांचे वास्तव्य आणि शालान्त परीक्षा यांच्या जोडीला एक प्रतिज्ञापत्र मागितले, की पात्रता येताच मी कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन. निजामाच्या मुलकी नियमाशी याचे साम्य पाहून मला, खरे सांगतो, हसू आले. हैदराबादच्या दरबारातून आणि ऑस्टिनच्या विधिमंडळातून एकच मागणी निघावी, की नुसता राहू नकोस, राहण्याचा हेतूही शपथेवर लिहून दे. कॅलिफोर्नियाने निराळा मार्ग धरला. त्या राज्याने रहिवास हा निकषच बाजूला ठेवला आणि असे म्हटले की जो कोणी आमच्या राज्यातील माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिकला आणि तेथून उत्तीर्ण झाला, त्याला राज्याचे शुल्क. मग तो कागदपत्रांवाचून आलेला असो, की कुटुंबासह दुसऱ्या राज्यात राहावयास गेलेला नागरिक असो. या नियमाला आव्हान दिले गेले तेव्हा २०१० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याचे कारण हेच, की सवलत रहिवासाला चिकटविलेली नव्हती, शाळेतील हजेरीला चिकटविलेली होती. टेक्सासचा कायदा मात्र जून २०२५ मध्ये एका दिवसात गेला. संघ सरकारने दावा लावला, राज्य सरकारने त्याच दिवशी संमती दिली आणि न्यायाधीशाने मनाईचा हुकूम काढला. चोवीस वर्षे ज्यावर मुलांनी शिक्षणाचा हिशेब मांडला, तो कायदा प्रतिवादीने बचावाचा एक शब्द न उच्चारता संपला.

आपल्याकडे ही परिस्थिती हुबेहूब नाही. भालकीचा मुलगा लातुरात बेकायदा ठरत नाही, त्याला कोणी देशाबाहेर काढीत नाही. आपल्याच विभागात, रायचूर जिल्ह्यातील सिंधनूरच्या वसाहतींत, पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे नागरिकत्वाच्या कागदाची दशकानुदशके वाट पाहत राहिली. त्यांचे दुःख अमेरिकेतील त्या मुलांच्या दुःखाच्या अधिक जवळचे आहे आणि त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे. परंतु आपण ज्या भागात बसलो आहोत तेथेही भारताचा पूर्ण नागरिक असलेला मुलगा एका राज्याच्या खिडकीवर उपरा आणि दुसऱ्या राज्याच्या खिडकीवर अपात्र ठरू शकतो. ते कसे, हे पाहू.

महाराष्ट्र शासन ८६५ गावांवर आपला हक्क सांगते आणि त्यांत बीदर जिल्ह्यातील तसेच कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद बाजूची गावे आहेत. या दाव्याच्या अनुषंगाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात अशी तरतूद आहे की विवादित सीमाभागातील मान्यताप्राप्त शाळेतून दहावी वा बारावी झालेला, त्या भागात राहणारा आणि मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी महाराष्ट्राचा उमेदवार धरला जावा. कर्नाटकाच्या प्रवेश-परीक्षेच्या नियमांत हिचीच प्रतिमा आहे: दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतील कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्याला 'गडिनाडु कन्नडिग' म्हणून दार उघडे आहे, मात्र त्याने कन्नडची चाचणी द्यावी. दोन्ही राज्यांचा हा उदारपणा खरा आहे आणि त्याचा लाभ घेऊन डॉक्टर-इंजिनियर झालेली मुले या सभागृहातही असतील. परंतु या सवलतींची रचना पाहिली की ती विद्यार्थ्याची गरज पाहून केलेली नसून न्यायालयातील दाव्याची पुरवणी म्हणून केलेली आहे, हे लपत नाही. बसवकल्याणच्या एका वर्गात एका बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी ज्याच्या घरी मराठी बोलतात तो लातूरच्या महाविद्यालयात महाराष्ट्राचा, आणि ज्याच्या घरी उर्दू बोलतात तो परराज्यातला. अक्कलकोटलाही असेच, फक्त भाषांची अदलाबदल करावयाची. वर्ग एक, गुरुजी एक, नापास झाल्यावर खाल्लेला मार एक. शुल्काची पावती मात्र घरच्या भाषेवरून ठरते.

आता या दोन्ही सवलतींच्या मध्ये पडणारा मुलगा घ्या. आळंद तालुक्यातील तांड्यावरून दर वर्षी कुटुंबेच्या कुटुंबे सोलापूर, पुणे, मुंबईकडे कामाला जातात. असा एक लमाणी मुलगा पहिली ते चौथी तांड्यावरच्या कन्नड शाळेत शिकला, आईबाप सोलापुरास बांधकामावर लागले म्हणून पाचवी ते दहावी तेथील मराठी शाळेत शिकला, आणि पुढे आजीपाशी परत येऊन कलबुर्गीत पी.यू.सी.ची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षे पुरी केली, असे समजू. कर्नाटकाचा सर्वसाधारण नियम सांगतो की पहिलीपासून दुसऱ्या पी.यू.सी.पर्यंत किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे. याची भरतात सहा. नियमांत आणखी एक वाट आहे, की दोन्ही वर्षे पी.यू.सी. येथे करून आई किंवा बाप सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असले तरी चालते. परंतु याची आई आणि बाप दोघेही शाळेचे तोंड न पाहिलेले. म्हणजे शिकलेल्या बापाच्या मुलाला बापाच्या शाळेची वर्षे उपयोगी पडतात आणि ज्याच्या घराण्यात शिकणारा हा पहिलाच, त्याला त्याच कारणाने दार बंद. पलीकडे महाराष्ट्र म्हणतो, दहावी आमची आहे पण बारावी आमची कोठे आहे? सीमाभागाची सवलत मागावी तर मातृभाषा मराठी नाही. आणि जातीचा दाखला? लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो. एका राज्याचा जातीचा दाखला स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात चालत नाही, हे तर मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगून ठेवले आहे. त्याच्या पिशवीत दोन राज्यांच्या शाळांचे तीन दाखले आहेत, स्टडी सर्टिफिकेटावर बी.ई.ओ.ची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, सही आहे, नाडकचेरीतून आणलेला रहिवासाचा कागद आहे. तो बारा वर्षे अखंड शिकला आहे, आणि तरी कोठलाच नाही.

विलक्षण गोष्ट अशी की हाच मुलगा सहा वर्षांचा असताना कायदा त्याच्याशी किती सौजन्याने वागला होता! २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा म्हणतो की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, पूर्वीच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून अडवू नये, कुटुंब एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तरी मुलाने जाईल तेथे शिकावे. चौदा वर्षांपर्यंत कागद मागू नका असे सांगणारे राज्य अठराव्या वर्षी त्या सगळ्या न मागितलेल्या कागदांची एकदम वसुली करते. टायलरचा निकाल आणि त्यापुढे बंद असलेले महाविद्यालय, तेच हे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. संविधानाच्या ३७१(जे) अनुच्छेदाने या मागासलेल्या विभागाला, ज्याला पूर्वी हैदराबाद-कर्नाटक म्हणत आणि २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात, विशेष संरक्षण दिले. विभागातील शिक्षणसंस्थांत सत्तर टक्के आणि विभागाबाहेरील राज्यव्यापी संस्थांत आठ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. २०१२ ची ही घटनादुरुस्ती पदरात पडण्यासाठी येथील लोकांना फार वर्षे झगडावे लागले. सीमेपलीकडच्या वर्षांचा हिशेब धरावयाचा म्हटले की या संरक्षणाला भोक पडेल आणि पुण्या-मुंबईचे सधन विद्यार्थी स्थानिक म्हणून घुसतील, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या राखीव जागांसाठी सहायक आयुक्तांच्या कचेरीतून मिळणारा पात्रतेचा दाखला आणि राज्याचे सर्वसाधारण शुल्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला धक्का न लावता दुसऱ्याचा विचार करता येतो. शिवाय घुसखोरी होते ती रहिवासाच्या कागदाने. भाड्याची पावती, शिधापत्रिका, एखादे प्रतिज्ञापत्र ही महिनाभरात तयार होतात, १९५२ चा अनुभव तेच सांगतो. सात वर्षांची शालेय हजेरी मागाहून उभी करता येत नाही. ती दर वर्षी, वर्गावार, निकालपत्रकासह त्या त्या शाळेच्या दफ्तरात पडलेली असते. न्यायालयांचा कलही पाहावा. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अधिवास एकच, भारताचा. जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर जागांवरील रहिवासाचे आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. वारे कोणत्या दिशेचे आहे हे राज्यांनी ओळखलेले बरे.

म्हणून कर्नाटकाचा सात वर्षांचा नियम मला दोन्ही राज्यांच्या सर्व नियमांत श्रेष्ठ वाटतो. तो जन्म विचारीत नाही, घरातील भाषा विचारीत नाही, हेतूची शपथ घेत नाही; तू शिकलास कोठे आणि किती, एवढेच विचारतो. उणीव एकच, की त्याची मोजणी सीमेवरच्या मांजरा नदीच्या एका काठावर थांबते. दोन्ही सरकारांनी, सीमावादाला बिलकूल हात न लावता, एवढे मान्य करावे की बीदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील मान्यताप्राप्त शाळांत शिकलेली वर्षे, कोणत्याही माध्यमातील आणि कोणत्याही मातृभाषेच्या विद्यार्थ्याची, दोन्हीकडे धरली जावीत, आणि अशी सात वर्षे भरली की त्याला दोन्ही राज्यांत राज्याचेच शुल्क लागावे. यासाठी घटनादुरुस्ती नको, आयोग नको; दोन उच्च-शिक्षण खात्यांचे दोन आदेश पुरेत.

महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमेचा दावा अद्याप सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे आणि त्याचा निकाल ज्याच्या त्याच्या बाजूने लागावा अशी इच्छा बाळगण्याचा सर्वांना अधिकार आहे. परंतु त्या निकालासाठी पी.यू.सी.च्या मुलाने थांबावे असे म्हणण्याचा कोणालाही नाही. या सभेतील मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की आपल्या शाळेतून गेल्या दहा वर्षांत ज्यांनी सीमा ओलांडून शाळा बदलली, त्यांची यादी त्यांनी जनरल रजिस्टरातून काढावी, आलेल्यांची आणि गेलेल्यांचीही; आणि या मागणीचे जे निवेदन बंगळूरला जाईल तेच, एका शब्दाचाही फरक न करता, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत मुंबईलाही पाठवावे.